बिल्ड आर२८चं, ॲपमध्ये मात्र आर२५ची लायब्ररी: आउटपुट फोल्डरचं एक प्रकरण

गुगल प्लेनं १ नोव्हेंबर २०२५पासून एक अट घातली. अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठीचं कुठलंही नवं ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट ६४-बिट फोनवर १६ केबीच्या मेमरी पेजला चालणारं हवं. पेज म्हणजे मेमरी वाटण्याचा ठरलेला तुकडा; अँड्रॉइड फोनमध्ये वर्षानुवर्षं तो ४ केबीचाच होता. निव्वळ कोटलिन किंवा जावात लिहिलेल्या ॲपला या बदलाचं सोयरसुतक नाही. पण ज्या ॲपच्या पोटात सी किंवा सी++ची लायब्ररी आहे, त्यातल्या प्रत्येक .एसओ फाइलचे (कंपाइल झालेल्या लायब्ररीचे) लोड होणारे भाग १६ केबीच्या सीमेवर जुळलेले लागतात, आणि ही जुळणी लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून लायब्ररी बनवतानाच ठरते. एनडीकेची, म्हणजे अँड्रॉइडसाठी सी आणि सी++ कंपाइल करणाऱ्या गुगलच्या साधनसंचाची, आर२८ आवृत्ती ती आपसूक करते. त्यामुळे अनेक टीमसाठी काम एका ओळीचं होतं: ग्रेडल या बिल्डच्या साधनाच्या फाइलमध्ये एनडीकेची आवृत्ती बदला, बिल्ड करा, प्लेवर चढवा.

ज्या ॲपचं प्रकरण इथे मांडतोय, तिथे ती ओळ बदलून काहीच घडलं नाही. ॲप पुण्यातल्या एका छोट्या टीमचं आहे. पतसंस्थांचे प्रतिनिधी कर्जाच्या अर्जाचे, आधारकार्डाचे, सातबाऱ्याचे फोटो काढतात. ॲप कागदाच्या कडा ओळखून तो सरळ करतं, सावली घालवतं आणि पीडीएफ बनवतं. हे सगळं सी++मध्ये, ओपनसीव्ही या फोटोंवर प्रक्रिया करणाऱ्या लायब्ररीच्या आधारानं चालतं. सल्ल्यासाठी मला बोलावलं, तेव्हा टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं प्रश्न अगदी नेमका मांडला.

"सर, ग्रेडलमध्ये आर२८ दिलंय. बिल्ड फोल्डरमधली .एसओ तपासली, ती बरोबर आहे. पण एपीके उघडून बघितलं की ॲनालायझर अजून चार केबीच दाखवतो. क्लीन करूनही तेच."

"म्हणजे बिल्ड झालेली फाइल एक आणि एपीकेत गेलेली दुसरी?"

"तसंच वाटतंय. पण असं कसं होईल?"

होतं, आणि जुन्या प्रकल्पांत सर्रास होतं. कंपाइलरनं फाइल कुठे लिहायची आणि पॅकेजिंगनं ती कुठून उचलायची, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या की आपण कोडमध्ये काय दुरुस्त केलं याला अर्थच उरत नाही. वापरणाऱ्याच्या फोनवर जाते ती पॅकेजमधली फाइल.

कोणती फाइल कुठून आली

अशा वेळी अंदाज बांधत बसू नये. एपीके हे ॲपचं तयार पॅकेज, म्हणजे झिप फाइलच. ती उघडायची, लिब/आर्म६४-व्ही८ए या फोल्डरातून आपली लिबस्कॅन.एसओ बाहेर काढायची आणि लिनक्सवरच्या साध्या 'फाइल' कमांडला द्यायची. एनडीके प्रत्येक लायब्ररीत एक छोटी नोंद सोडतं, त्यामुळे ही कमांड लायब्ररी कोणत्या एनडीकेनं बनवली, ती स्ट्रिप केलेली (डीबगची माहिती काढलेली) आहे की नाही आणि तिचा बिल्ड-आयडी (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) काय, हे एका ओळीत सांगते. इथे उत्तर आलं: एनडीके आर२५सी. ग्रेडलमध्ये आर२८, अन् एपीकेत आर२५सी.

आता ती नेमकी कुठे घुसली, ते शोधायचं. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन, म्हणजे एजीपी, नेटिव्ह लायब्ररीला टप्प्याटप्प्यानं पुढे सरकवतं. आधी कंपाइल आणि लिंक होऊन ती बिल्ड/इंटरमीडिएट्सखालच्या सीएक्सएक्स फोल्डरात पडते. मग सगळीकडून आलेल्या लायब्ररी मर्ज्ड_नेटिव्ह_लिब्जमध्ये एकत्र होतात. तिथून डीबगची माहिती काढलेली प्रत स्ट्रिप्ड_नेटिव्ह_लिब्जमध्ये जाते, आणि तीच एपीकेत किंवा बंडलमध्ये (प्लेवर चढवायच्या पॅकेजात) बसते. स्ट्रिप केल्यानं फाइलचा आकार बदलतो, चेकसम बदलतो, पण बिल्ड-आयडी बदलत नाही. म्हणून फाइलची ओळख पटवायला तारीख किंवा आकार न पाहता बिल्ड-आयडीच बघावा. एनडीकेसोबत येणाऱ्या एलएलव्हीएम-रीडएल्फला नोट्स दाखवायला सांगितलं की तो छापून येतो.

एक सावधगिरी. दोन वेगळ्या मशीनवर त्याच कोडचा बिल्ड-आयडी वेगळा येऊ शकतो, कारण डीबगच्या माहितीत सोर्स फाइलचा पूर्ण पथ जातो आणि आयडी त्या सगळ्या मजकुरावरून काढला जातो. तुलना करायची ती एकाच मशीनवरच्या एकाच बिल्डच्या टप्प्यांची.

आम्ही चारही ठिकाणचे आयडी एकाखाली एक लिहिले. सीएक्सएक्समध्ये एक, आणि मर्ज्ड, स्ट्रिप्ड व एपीके या तिन्हींत दुसरा. म्हणजे अदलाबदल मर्ज होताना झाली. मर्जच्या टप्प्यावर त्याच नावाची आणखी एक फाइल हजर होती आणि तिचीच निवड झाली. ती फाइल एसआरसी/मेन/लिब्जमध्ये होती. गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, कमिट केलेली.

ती तिथे कशी आली

इथे गिटचा इतिहास वाचणं भाग होतं, आणि तो वाचताना नेटिव्ह अँड्रॉइडच्या बिल्डचा अख्खा प्रवास डोळ्यांपुढून जातो. हे ॲप एक्लिप्सच्या काळात जन्मलेलं, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओच्या आधी ॲप ज्यात लिहायचे त्या साधनाच्या. तेव्हाची मांडणी साधी होती: जेएनआय फोल्डरात सी++चं कोड आणि अँड्रॉइड.एमके ही बिल्डच्या सूचनांची फाइल, टर्मिनलवर एनडीके-बिल्ड चालवायचं, आणि दोन फोल्डर तयार व्हायचे. एक ओबीजे, दुसरा लिब्ज. ओबीजे/लोकलखाली प्रत्येक एबीआयसाठी, म्हणजे प्रत्येक प्रोसेसर-प्रकारासाठी, डीबग माहितीसह पूर्ण लायब्ररी राहते. लिब्जखाली तिचीच स्ट्रिप केलेली प्रत जाते. एक्लिप्स लिब्जमधली प्रत एपीकेत घालायचं.

या दोन जागा बदलता येतात. ओबीजेची जागा एनडीके_आउट या व्हेरिएबलनं ठरते आणि लिब्जची एनडीके_लिब्ज_आउटनं. दोन्ही एनडीके-बिल्डच्या कमांडवर देता येतात. बहुतेकांना याची गरज वाटली नाही, कारण जे आहे ते चालत होतं.

पण लिब्ज फोल्डरची एक सवय अनेकांना महागात पडली आहे. एनडीके-बिल्ड प्रत्येक वेळी बिल्ड सुरू करताना लिब्जखालच्या सगळ्या एबीआयच्या फोल्डरांतून 'लिब'नं सुरू होणाऱ्या .एसओ फाइल पुसून टाकतं. फक्त स्वतः बनवलेल्याच नव्हे, सगळ्या. यामागचं कारण एनडीकेच्याच मेक फाइलमधल्या टिपणीत लिहिलेलं आहे: बिल्ड मध्येच फसलं तर जुनी लायब्ररी चुकून पॅकेजमध्ये जाऊ नये, आणि एखादा एबीआय यादीतून काढला तर त्याची शिळी फाइल मागे राहू नये. हेतू अगदी योग्य आहे. लिब्ज हे आउटपुट आहे, त्यात साधनाशिवाय कोणी काही ठेवणार नाही, असं एनडीके धरून चालतं. आणि नेमकं याच फोल्डरात लोक बाहेरून आणलेल्या लायब्ररी हातानं ठेवायचे, कारण एक्लिप्स तिथूनच उचलायचं. एकच फोल्डर कंपाइलरचं आउटपुट आणि माणसाचं इनपुट. पुढचं बिल्ड झालं की ओपनसीव्हीची लायब्ररी गायब.

या टीमच्या पूर्वसुरींनाही हा अनुभव आला होता. त्यांनी उपाय केला तो शेल स्क्रिप्टचा: आधी एनडीके-बिल्ड चालवायचं, मग दुसरीकडे जपून ठेवलेली ओपनसीव्हीची .एसओ पुन्हा लिब्जमध्ये कॉपी करायची. सोबत लिबसी++_शेअर्ड.एसओही. ही स्क्रिप्ट गिटमध्ये आजवर होती, आणि ती ज्या एनडीकेला हाक मारायची ते मशीनच्या पाथमधलं, ग्रेडलला ठाऊक नसलेलं.

गुगलनं एक्लिप्सच्या प्लगइनचा आधार २०१५ अखेर काढून घेतला. ॲप अँड्रॉइड स्टुडिओत आलं. त्या काळात स्टुडिओत नेटिव्ह बिल्डची नीट सोय नव्हती, म्हणून एक कृती सगळीकडे फिरत होती. ग्रेडलमध्ये एक्झेक प्रकारचा (बाहेरची कमांड चालवणारा) टास्क लिहायचा, त्यातून एनडीके-बिल्ड चालवायचं, जावा कंपाइल करणाऱ्या टास्कला त्यावर अवलंबून ठेवायचं, आणि जेएनआयलिब्जचा, म्हणजे तयार .एसओ जिथून उचलायच्या त्या फोल्डरचा, पत्ता एसआरसी/मेन/लिब्ज असा द्यायचा. शेकडो प्रकल्प या कृतीवर चालले.

तिच्यातली खोच मला इथे सांगायचीच आहे. एपीकेसाठी नेटिव्ह लायब्ररी गोळा करतो तो टास्क वेगळा, जावा कंपाइल करतो तो वेगळा. एनडीके-बिल्ड जावाच्या आधी होईल याची हमी होती. लायब्ररी गोळा होण्याआधी होईल याची नव्हती. ग्रेडलला फक्त जाहीर केलेलं इनपुट आणि आउटपुट कळतं. एक टास्क गुपचूप दुसऱ्याच्या इनपुट फोल्डरात लिहितोय हे त्याला दिसत नाही. क्रम उलटा लागला की एपीकेत मागच्या बिल्डची लायब्ररी जाते. "नेटिव्हमध्ये बदल केला की दोनदा बिल्ड करायचं" हा नियम मी किती तरी टीममध्ये ऐकलाय, आणि तो इतक्या सहजपणे सांगितला जातो की ते बिल्डमधल्या दोषाचं लक्षण आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

सप्टेंबर २०१६मध्ये आलेल्या अँड्रॉइड स्टुडिओ २.२नं एक्स्टर्नलनेटिव्हबिल्ड आणलं. यात सीमेक (सी++ बिल्डचं दुसरं साधन) किंवा एनडीके-बिल्ड एजीपी स्वतः चालवतं, आणि एनडीके_आउट व एनडीके_लिब्ज_आउट दोन्ही बिल्ड/इंटरमीडिएट्सखाली वळवतं. डीबग आणि रिलीजला वेगळे फोल्डर, टास्कांचा क्रम पक्का. हीच जागा योग्य. या टीमनंही पुढे कधीतरी हे स्वीकारलं. एक्झेकचा टास्क काढला, अँड्रॉइड.एमकेचा पत्ता एजीपीला दिला.

आणि जेएनआयलिब्जचा पत्ता तसाच राहू दिला.

राहू देण्याला कारण होतं. अँड्रॉइड.एमकेमध्ये ओपनसीव्ही जोडलेलं होतं लोकल_एलडीलिब्जमधून, थेट फोल्डरचा पत्ता आणि नाव देऊन. एनडीके-बिल्ड अशा वेळी इशारा देतं: लिंकरच्या फ्लॅगमध्ये सिस्टिमच्या नसलेल्या लायब्ररी आहेत, यामुळे बिल्ड चुकीचं होण्याची शक्यता आहे, त्याऐवजी लोकल_शेअर्ड_लायब्ररीज वापरा. हा इशारा टीमच्या बिल्ड लॉगमध्ये रोज छापून येत होता. अशा तऱ्हेनं जोडलेल्या लायब्ररीबद्दल बिल्ड व्यवस्थेला काही माहीत नसतं. लिंक होते, पण सोबत पाठवायची आहे हे कोणाला कळत नाही. म्हणून ती एपीकेत पोचवायला एसआरसी/मेन/लिब्ज लागायचंच. आणि त्या फोल्डरात जुन्या स्क्रिप्टनं बनवलेली लिबस्कॅन.एसओही पडून होती.

एकाच नावाच्या दोन फाइल मर्जला आल्या, तेव्हा एजीपीनं बिल्ड अडवलं: एकाच पथावर दोन फाइल सापडल्या. हा इशारा अतिशय मोलाचा होता. त्या क्षणी कोणी थांबून "दोन का आहेत?" असं विचारलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण इंटरनेटवर या एररचं पहिलं उत्तर म्हणून जे मिळतं तेच केलं गेलं. पॅकेजिंगच्या सेटिंगमध्ये पिकफर्स्ट, आणि तेही सगळ्या .एसओ फाइलना लागू होईल असं. पिकफर्स्टचा अर्थ एवढाच की जी आधी भेटेल ती घ्या. नवी कोणती, बरोबर कोणती, याचा त्यात विचार नाही. इथे आधी भेटत होती ती कमिट केलेली जुनी.

मग मधल्या काळात नेटिव्ह दुरुस्त्या पोचत कशा होत्या? टीममधल्या एका जुन्या सहकाऱ्याला सवय होती: सी++मध्ये बदल केला की शेल स्क्रिप्ट चालवायची, नवी .एसओ कमिट करायची. त्याच्यापुरतं सगळं सुरळीत होतं. त्यानं नोकरी बदलली, त्याच्या मशीनवरचं आर२५सी त्याच्यासोबत गेलं, आणि तेव्हापासून सी++मधला एकही बदल वापरणाऱ्यांपर्यंत गेलेला नव्हता. त्या काळात केलेली एक क्रॅशची दुरुस्तीही नाही. क्रॅशच्या अहवालांत तोच दोष येत राहिला आणि दुरुस्ती अपुरी पडली असं समजून त्या फंक्शनमध्ये आणखी तपासण्या घातल्या गेल्या. चांगल्या प्रोग्रॅमरचा वेळ असा वाया जाताना पाहून वाईट वाटतं, कारण त्याची पहिली दुरुस्ती बरोबरच होती.

क्रॅशच्या अहवालांवरून ओळ क्रमांक का निघत नव्हते, याचंही उत्तर इथेच मिळालं. फोनवरच्या नेटिव्ह क्रॅशमध्ये फक्त पत्ते येतात, आणि एनडीके-स्टॅक त्यांचे फाइल-ओळ असे अर्थ लावतं, ते स्ट्रिप न केलेल्या प्रतीच्या आधारानं. टीम हाताशी असलेली प्रत देत होती, ती सीएक्सएक्समधली. फोनवरची वेगळीच. बिल्ड-आयडी जुळत नसेल तर निघणारे ओळ क्रमांक एक तर रिकामे किंवा खोटे, आणि खोटे जास्त घातक.

क्लीनचा उपयोग का झाला नाही? क्लीन बिल्ड फोल्डर पुसतं. एसआरसीखालची प्रत्येक फाइल ग्रेडलच्या दृष्टीनं माणसानं लिहिलेलं सोर्स असते. तिला ते हात लावत नाही, लावूही नये. आउटपुट सोर्सच्या झाडात लिहिलं की ते क्लीनच्या कक्षेबाहेर जातं.

काय बदललं

प्रथम पिकफर्स्ट काढलं आणि बिल्ड तुटू दिलं. टीमला हे धाडसाचं वाटलं, पण कुठे कुठे जोड-फाइली आहेत याची यादी एजीपी स्वतःच देतं आणि त्याहून भरवशाची यादी दुसरी नाही. लिबस्कॅन दोनदा, लिबसी++_शेअर्डही दोनदा. ही दुसरी जोडी मला जास्त काळजीची वाटली. सी++ची ही रनटाइम लायब्ररी ॲप्लिकेशन.एमकेमध्ये एपीपी_एसटीएल दिलं की आपोआप येते, वापरलेल्या एनडीकेतूनच. हातानं ठेवलेली प्रत आर२५ची असेल आणि बाकी कोड आर२८नं कंपाइल झालेलं असेल, तर एखादं सिम्बॉल (फंक्शनसारख्या गोष्टीचं नाव) न सापडून ॲप उघडतानाच कोसळू शकतं. जुनी रनटाइम शिवाय ४ केबीचीच, म्हणजे आपली लायब्ररी सुधारली तरी प्लेची अट पुरी होत नाही.

मग एसआरसी/मेन/लिब्ज गिटमधून पूर्ण काढलं. जेएनआयलिब्जचा पत्ता काढला. शेल स्क्रिप्ट काढली. ओपनसीव्हीची लायब्ररी आर२८ वापरून सोर्सवरून पुन्हा बिल्ड केली आणि थर्डपार्टी नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवली, जिथे कोणतंही साधन कधी लिहीत नाही. अँड्रॉइड.एमकेमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र मॉड्यूल केलं: लोकल_एसआरसी_फाइल्समध्ये टार्गेट_आर्क_एबीआय वापरून त्या त्या एबीआयच्या फाइलचा पत्ता, आणि शेवटी प्रीबिल्ट_शेअर्ड_लायब्ररीचा इन्क्लूड. लिबस्कॅनच्या मॉड्यूलमध्ये लोकल_शेअर्ड_लायब्ररीजखाली तिचं नाव. आता ती लिंकही होते आणि आउटपुटमध्ये आपोआप कॉपीही. एजीपी ४.०पासून अशी जोडलेली प्रीबिल्ट लायब्ररी पॅकेजमध्ये स्वतःहून जाते. जेएनआयलिब्जमध्ये तिची आणखी प्रत ठेवली तर उलट तीच दोन फाइलींची एरर येते. बिल्ड लॉगमधला तो रोजचा इशाराही गेला.

एनडीके_आउट आणि एनडीके_लिब्ज_आउट आम्ही कुठेही स्वतः दिलं नाही, आणि हा निर्णय विचारपूर्वक घेतला. एजीपी बिल्ड चालवत असेल तर जागा त्यानंच ठरवावी. सीमेक वापरणाऱ्यांनाही हेच लागू. सीमेकलिस्ट्समध्ये सीमेक_लायब्ररी_आउटपुट_डिरेक्टरी सेट करून .एसओ थेट जेएनआयलिब्जमध्ये टाकायची युक्ती अनेक जुन्या उदाहरणांत दिसते. एजीपी हेच व्हेरिएबल आपल्या बाजूनं देत असतं. फाइलमधलं सेट त्यावर मात करतं आणि वर वर्णन केलेला सगळा गोंधळ नव्यानं सुरू होतो. ही ओळ दिसली तर खुशाल काढावी. लायब्ररी ग्रेडलबाहेर, स्वतंत्रपणे बनवत असाल तरच आउटपुटची जागा आपण द्यायची, आणि तेव्हा ती सोर्सबाहेर, बिल्डच्या प्रकारानुसार आणि एबीआयनुसार वेगळी असावी.

विंडोजवर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याला मात्र जागा बदलावी लागली. एजीपी नेटिव्ह बिल्डची मधली मांडणी मॉड्यूलच्या आत .सीएक्सएक्स फोल्डरात ठेवतं, त्याखाली प्रकार, हॅश, एबीआय असे थर चढतात, आणि विंडोजची २६० अक्षरांची पथमर्यादा ओलांडली जाते. त्यासाठी बिल्डस्टेजिंगडिरेक्टरी हे सेटिंग आहे. त्यानं ड्राइव्हच्या मुळाशी छोटा पथ दिला. तो बिल्ड फोल्डरच्या आत मात्र देऊ नये. तिथल्या फाइल क्लीनमध्ये जातात आणि एजीपी ती जागा मान्यही करत नाही.

एनडीकेची आवृत्ती ग्रेडलच्या एनडीकेव्हर्जनमध्ये स्पष्ट लिहिली. ती न दिल्यास प्रत्येक एजीपी स्वतःच्या ठरलेल्या आवृत्तीवर जातं. एजीपीही ८.५.१च्या पुढचं घेतलं, कारण लायब्ररीच्या आतली जुळणी पुरेशी नाही. एपीकेत ती न दाबता ठेवलेली असते, तेव्हा झिपमधली तिची जागाही १६ केबीच्या सीमेवर लागते, आणि ते काम या आवृत्तीपासून एजीपी करतं.

एबीआयची यादी एबीआयफिल्टर्समध्ये दिली: आर्म६४-व्ही८ए, आर्मईएबीआय-व्ही७ए आणि एमुलेटरसाठी एक्स८६_६४. खेड्यांतल्या पतसंस्थांच्या प्रतिनिधींकडे अजून ३२-बिट फोन आहेत, त्यामुळे व्ही७ए सोडता येत नाही. यादी नेमकी असण्याचं महत्त्व वेगळंच आहे. अँड्रॉइड ॲप बसवताना एकच एबीआय निवडतं. आर्म६४च्या फोल्डरात एक जरी लायब्ररी दिसली, तर ६४-बिट फोन तोच फोल्डर धरतो, आणि एखादी लायब्ररी फक्त व्ही७एमध्ये असेल तर ती त्याला सापडत नाही. ॲप अनसॅटिस्फाइडलिंकएरर देऊन बंद पडतं. जुन्या ३२-बिट फोनवर सगळं छान चालतं, म्हणून चाचणीतून हे निसटतं. प्रत्येक एबीआयच्या फोल्डरात फाइलींची नावं तंतोतंत तीच हवीत.

सर्व्हरवर रिलीजचं बंडल तयार झालं की आता एक छोटी तपासणी चालते. बंडल उघडून बेस/लिबखालच्या फोल्डरांतल्या नावांची तुलना होते. ६४-बिटच्या प्रत्येक .एसओवर एलएलव्हीएम-ऑब्जडम्प चालवून लोड भागांची जुळणी २**१४ (दोनाचा चौदावा घात, म्हणजे १६ केबी) किंवा त्याहून मोठी आहे ना, ते पाहिलं जातं. २**१२ (४ केबी) दिसलं की बिल्ड नापास. आणि प्रत्येक लायब्ररीचा बिल्ड-आयडी नेटिव्ह-डीबग-सिम्बॉल्सच्या झिपमधल्या आयडीशी ताडला जातो. ही झिप डीबगसिम्बॉललेव्हल दिलं की एजीपी ४.१पासून बिल्ड/आउटपुट्समध्ये मिळते आणि बंडलसोबत प्ले कन्सोललाही जाते. तिन्ही तपासण्या मिळून स्क्रिप्ट फार मोठी नाही, पण कोणी उद्या पुन्हा एखादी .एसओ सोर्समध्ये टाकली तर ती इथेच अडेल.

आयफोनची बाजू

तेच सी++ आयफोनच्या ॲपमध्येही वापरलं जातं, म्हणून तिकडचीही स्क्रिप्ट बघितली. तिथे वेगळ्या वेशात तीच अडचण निघाली. स्क्रिप्ट स्टॅटिक लायब्ररी आर्किटेक्चरच्या नावाच्या फोल्डरात टाकायची: एक आर्म६४, एक एक्स८६_६४. इंटेलच्या मॅकवर हे चाललं, कारण आर्म६४ म्हणजे फोन आणि एक्स८६_६४ म्हणजे सिम्युलेटर. ॲपलचे स्वतःच्या चिपचे मॅक आल्यावर सिम्युलेटरही आर्म६४ झाला. मग फोनसाठीची आणि सिम्युलेटरसाठीची लायब्ररी एकाच फोल्डरात, एकाच नावानं. जी नंतर बनेल ती आधीचीवर बसते, आणि लिंकर तक्रार करतो की लायब्ररी दुसऱ्याच प्लॅटफॉर्मसाठी आहे. लायपो या साधनानं दोन्ही एका फाइलीत घालता येत नाहीत, कारण त्यात एका आर्किटेक्चरला एकच जागा असते.

उपाय म्हणजे फोल्डर प्लॅटफॉर्मनुसार करणं. आयफोनओएस वेगळं, आयफोनसिम्युलेटर वेगळं; एक्सकोड स्वतःही रिलीज-आयफोनओएस आणि रिलीज-आयफोनसिम्युलेटर अशी नावं वापरतं. दोन्हींतून एक्सकोडबिल्डच्या साहाय्यानं एक एक्ससीफ्रेमवर्क (वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मच्या लायब्ररींचं एकत्र पॅकेज) बनवायचं आणि ॲपनं फक्त तेच जोडायचं. एक्सकोड ११पासून ही सोय आहे. आम्ही स्क्रिप्टमधले पत्ते बदलले आणि एवढ्यावर ते काम संपलं.

अँड्रॉइडच्या बाजूला एक मुद्दा अजून चर्चेत आहे. ओपनसीव्हीच्या बनवलेल्या .एसओ गिटमध्ये ठेवणं मला पटत नाही, कारण कोणत्या सोर्सवरून आणि कोणत्या सेटिंगनं त्या बनल्या हे फाइल सांगत नाही. एजीपी ४.०पासून प्रीफॅबची सोय आहे: एएआर या अँड्रॉइड लायब्ररीच्या पॅकेजमध्ये लायब्ररी आणि हेडर एकत्र येतात, ग्रेडल त्यांना साध्या डिपेंडन्सीसारखं आणतं, आणि ओपनसीव्ही ४.९.०पासून मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक रिपॉझिटरीवर उपलब्ध आहे. अडचण आकाराची. तिथली लायब्ररी पूर्ण आहे, आणि या ॲपला तिच्यातले मोजकेच भाग लागतात. म्हणून टीम स्वतःचं छाटलेलं ओपनसीव्ही सर्व्हरवर बिल्ड करून स्वतःच्या रिपॉझिटरीत एएआर म्हणून ठेवण्याच्या विचारात आहे. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीनंच ते काम मागून घेतलंय, आणि ते झालं की थर्डपार्टी फोल्डरही जाईल.